रूथच्या पणतूचे कागद

जेरुसलेममध्ये मध्यरात्र उलटून गेली होती. कोपऱ्यातल्या कॉफीच्या मोठ्या भांड्याची तोटी सारखी उघडमीट होत होती. टेबलावर कलिंगडाच्या फोडी आणि चीझकेकचे उरलेले तुकडे होते, आणि खिडक्यांना बांधलेल्या फांद्यांचा ओला, पालेदार वास खोलीभर साचला होता. बायबलमधलं रूथचं पुस्तक, विधवा झाल्यावर सासूबरोबर परक्या देशात आलेल्या बाईचं, उघडून आम्ही वीसेक जण बसलो होतो. शिकवणारी मुलगी तिशीतली असेल, आवाज बसत आलेला, कारण त्या रात्रीचा तिचा हा तिसरा वर्ग. तिने विचारलं, "रूथ बेथलेहेमच्या वेशीशी आली तेव्हा तिच्याजवळ काय होतं?" कुणी म्हणालं, सासू होती. कुणी म्हणालं, काहीच नव्हतं, म्हणून तर लोकांच्या शेतात सरवा वेचायला गेली. माझ्या शेजारी मावशी होती. आम्ही दोघी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी. ऐंशी ओलांडलेली, मांडीवर शाल, पाय स्टुलावर. तिने हात वगैरे वर केला नाही. कोकणी हेलाच्या आपल्या हिब्रूत ती सरळ बोलली, "कागद नव्हते तिच्याजवळ. कोणी मागितले नाहीत?" दोघंतिघं हसले, मायेनेच हसले. शिकवणारी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "मागितले. पण तिच्याकडे नाही, तिच्या पणतूकडे."

रूथचा पणतू म्हणजे दावीद राजा.

मग तिने तालमूदमधलं, म्हणजे यहुदी धर्मचर्चांच्या जुन्या ग्रंथातलं, पान वाटलं. तरुण दावीद गल्याथ या धिप्पाड योद्ध्याशी लढायला निघालाय आणि शौल राजा विचारतोय, हा कुणाचा मुलगा? दरबारातला दोएग म्हणतो, हा राजा व्हायला लायक आहे का ते नंतर विचारा, आधी हा आपल्या समाजात तरी बसतो का ते विचारा. हा रूथच्या वंशातला, आणि रूथ मवाबी, शेजारच्या मवाब देशातली परकी. मवाबी माणसाला समाजात घेऊ नये असं तोरातच, आपल्या मूळ धर्मशास्त्रातच, लिहिलंय. शौलाचा सेनापती अबनेर उत्तर देतो की बंदी मवाबी पुरुषांना आहे, बायकांना नाही. का? कारण इस्राएल लोक वाळवंटातून येत होते तेव्हा मवाबी लोक भाकर-पाणी घेऊन सामोरे आले नाहीत, हा त्यांचा गुन्हा. पण बाईने घराबाहेर पडून परक्यांना सामोरं जाण्याची रीत नव्हती, मग तिला दोष कसा? दोएग लगेच म्हणतो, बायकांनी बायकांना सामोरं जायचं होतं, ते तरी कुठे केलं? अबनेर गप्प होतो. वाद तिथेच अडतो. तेवढ्यात एक जण कमरेला तलवार लावून उभा राहतो आणि म्हणतो, मला शमुवेल संदेष्ट्याच्या न्यायसभेकडून हेच मिळालंय, मवाबी पुरुष नाही, मवाबी बाई चालेल. ज्याला हे मान्य नसेल त्याला ही तलवार. आणि दावीद समाजात राहतो.

पान वाचून झालं तसं खोलीत एकदम बोलणं सुरू झालं. युक्तिवाद खुंटल्यावर तलवारीने सिद्ध झालेला कायदा खरा मानायचा का, यावर दोन म्हातारे हिरिरीने भांडायला लागले. मावशी त्यात पडली नाही. ती माझ्याकडे वळली आणि मराठीत, फक्त मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाली, "आणि आपल्या वेळेला तलवार कोणी काढली गं?"

ती रात्र शावुओतची. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या, दुसऱ्या रात्रीपासून एकेक दिवस मोजत सात आठवडे पुरे होतात आणि पन्नासाव्या दिवशी हा सण येतो. सीनाय डोंगरावर तोरा मिळाली तो दिवस. त्या रात्री झोपायचं नाही, शिकत बसायचं. कारण म्हणून जी गोष्ट सांगतात ती मला फार आवडते. ज्या सकाळी देव डोंगरावर उतरणार होता त्या सकाळी सगळे इस्राएल लोक गाढ झोपून राहिले. मिद्राशमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रावरच्या जुन्या कथा-भाष्यांत, म्हटलंय की या दिवसांतली झोप गोड असते आणि रात्र लहान असते, आणि त्या रात्री त्यांना पिसूसुद्धा चावली नाही. मोशेला छावणीभर फिरून लोकांना उठवावं लागलं. त्या झोपेची भरपाई म्हणून पुढच्या पिढ्यांनी जागायचं. त्या पिसवेचा उल्लेख कुणी आणि का केला असेल याचा मी खूपदा विचार करते. ज्याने वाळवंटात पथारी टाकून रात्री काढल्या आहेत त्यालाच हे सुचेल. मावशीला ही गोष्ट मी सांगितली तेव्हा तिने लगेच मान डोलावली होती. "खरं आहे, दमलेल्याला काही चावत नाही," म्हणाली.

रात्रभर जागण्याची ही रीत रुजली सोळाव्या शतकात. १५३० च्या दशकात, ऑटोमन साम्राज्यात, योसेफ कारो आणि श्लोमो अल्काबेत्झ हे दोघं काही सोबत्यांसह शावुओतच्या रात्री वाचत बसले. पुढे सगळ्या यहुदी जगाने ज्यांचा धर्मग्रंथ प्रमाण मानला ते हे कारो, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचं, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचं, स्वागत करणारं जे गीत ठाण्यापासून तेहरानपर्यंत गातात त्याचे कवी हे अल्काबेत्झ. त्या रात्री काय झालं ते अल्काबेत्झने पत्रात लिहून ठेवलंय. मिश्ना, म्हणजे तोंडी चालत आलेल्या धर्मनियमांचा जुना संग्रह, वाचता वाचता कारोंच्या तोंडून एक आवाज बोलू लागला. माझा मुकुट धुळीत पडला होता, तुम्ही तो उचललात, असं म्हणत तो आवाज रडला. तुम्ही दहा जण असता तर आणखी चढला असता, असंही म्हणाला. दुसऱ्या रात्री त्यांनी दहा जण जमवले. त्यानंतर काही वर्षांत दोघंही गालीलातल्या सफेदला येऊन राहिले आणि तिथून ही रात्र जगभर गेली. तिच्याबरोबर कॉफीही गेली. एलियट होरोविट्झ या इतिहासकाराने १९८९ मध्ये एका लेखात दाखवून दिलं की रात्रीच्या या उपासना पसरल्या त्या कॉफी पसरली त्याच वाटेने. भाविकांना हे ऐकून वाईट वाटायचं कारण नाही असं मला वाटतं. देवासाठी जागायचं असेल तर शरीरालाही काहीतरी द्यावं लागतं.

जेरुसलेममध्ये त्या रात्री शहरच झोपत नाही. सूर्य मावळून सव्वाआठच्या सुमाराला तारे दिसले की सण लागतो. मोटारी थांबतात, आणि जेवणं आटोपून दहा-अकराला माणसं रस्त्यावर येतात. सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनागृहांच्या, दारांवर आधीच चिकटवलेले कागद असतात, कुठे किती वाजता कोण काय शिकवणार. कुठे जुन्या पद्धतीचा तिक्कून चालतो. म्हणजे तोराच्या प्रत्येक भागाची आणि मिश्नाच्या प्रत्येक प्रकरणाची सुरुवात आणि शेवट एकामागून एक वाचत जायचं, सगळ्याला एकदा तरी हात लागावा म्हणून. कुठे वर्ग, कुठे वादचर्चा. या गल्लीतून त्या गल्लीत माणसं पुस्तकं छातीशी धरून चाललेली दिसतात. पोरं बाबागाडीत झोपलेली, आयबाप दरवाजात उभे राहून ऐकतायत. हवेत गारवा, दगडी भिंतींवरून ओघळलेल्या जाईचा वास, आणि फूटपाथवर जॅकरँडाच्या फुलांचा जांभळा सडा. सण असल्यामुळे लिहायचं नाही, फोन नाही, माईक नाही. जे ऐकलं ते डोक्यातच ठेवावं लागतं. सुरुवातीला मला याचा त्रास व्हायचा, हात आपोआप पेन शोधायचा. आता वाटतं, लिहायला मिळालं असतं तर मावशीचा प्रश्न मी वहीत ठेवून मोकळी झाले असते.

ठाण्याला आमच्या घरी या सणाला कुणी रात्रभर जागल्याचं मला आठवत नाही. टेंभी नाक्याजवळच्या मशिदीत (सिनेगॉगला आमच्याकडे मशीदच म्हणतात) संध्याकाळी प्रार्थना व्हायची, भिंतींना हिरवळ लावलेली असायची. घरी आलं की त्या दिवशी मटण नाही, दुधाचं जेवण. एवढाच सण. रात्र जागवायची ती कोजागिरीला, आमच्या चाळीच्या गच्चीवर. तिथे जोशी, पाटील, डिसोझा आणि आम्ही सगळे आटवलेल्या दुधाचे पेले घेऊन चंद्राखाली गाण्याच्या भेंड्या खेळायचो. पहिल्यांदा जेरुसलेममध्ये मध्यरात्री हातात दुधाचा गोड पदार्थ घेऊन जागणारी एवढी माणसं पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती आमची गच्ची. "को जागर्ति" असं विचारत फिरणारी लक्ष्मी आणि छावणीत हाका मारत फिरणारा मोशे यांना मी मनात एकाच रात्री फिरताना पाहते. धर्मपंडितांना हे पटणार नाही. ठाण्यात वाढलेल्या मुलीचा त्यात इलाज नाही.

पुढे वाचायला लागल्यावर एक गोष्ट ध्यानात आली आणि ती मनाला लागली. कोकणातल्या आमच्या पूर्वजांनी आपल्या सणांना मराठी नावं दिली होती. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. वालाच्या बिरड्यावरून उपासाचा दिवस ओळखणारी माणसं ती. या जुन्या सणांत शावुओत नाही. त्याचं कारण मी माझ्यापुरतं असं लावते. बाकीच्या सणांना काहीतरी हातात धरायला होतं, उपास होता, खीर होती, झाकून ठेवायचं मडकं होतं. या सणाची तोरात ठरलेली तारीखसुद्धा नाही, नुसती मोजणी आहे, आणि हा सण आहे पुस्तक मिळाल्याचा. आमच्या लोकांकडे पुस्तकच उरलं नव्हतं. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, बाकी सगळं समुद्रात गेलं, ही आमची मूळकथा. ती अक्षरशः खरी असो नसो, शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, ओठांवर "शमा इस्राएल" एवढी एक ओळ धरून राहिलेले लोक आम्ही. शनवार तेली. ज्याच्याकडे पुस्तक नाही त्याने पुस्तकाची रात्र कशी जागवायची?

पुस्तकं परत आली ती कुठून कुठून. कोचीनहून शिक्षक आले. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत मांडवीला पहिली मशीद बांधली. मग १८२९ मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले आणि १८३२ मध्ये त्यांनी हिब्रूचं व्याकरण काढलं तेही मराठीत. मिशनऱ्यांचा हेतू आम्हाला ख्रिस्ती करण्याचा होता. आमच्या लोकांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. मला या व्यवहाराचा अभिमान वाटतो, आणि विल्सनसाहेबांबद्दल कृतज्ञताही वाटते. दोन्ही एकदमच वाटतं. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाची हगादा, म्हणजे त्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली, हिब्रू आणि मराठी समोरासमोर, चित्रांत बायका भाकरी लाटताना दिसतात त्या नेसल्या आहेत नऊवारी. पण माझ्या मनात सगळ्यात वरची जागा आहे ती कीर्तनाला. १८८० मध्ये मुंबईत आमच्या लोकांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं. बेंजामिन शिमशोन अष्टमकरांसारखी माणसं उभी राहून अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं सांगू लागली, साक्या-दिंड्यांत, ओव्यांत, अभंगांत. हिब्रू न कळणाऱ्या बायका रात्री उशिरापर्यंत बसून ऐकायच्या. माझी आजी त्यातल्या चाली भाजी निवडताना गुणगुणायची. तोरा आमच्या बायकांपर्यंत पोचली ती या वाटेने. रात्री, मराठीत, गळ्यातून.

म्हणजे रात्रभर बसून शिकणं आमच्याकडे नव्हतं असं मला म्हणवत नाही.

मावशी कोकणातली. अलिबाग तालुक्यात पोयनाडकडे तिचं आजोळ. ती घरच्यांबरोबर इस्राएलला आली तेव्हा सतरा-अठराची होती. त्यांना वाळवंटात नव्याने वसवलेल्या गावात घर मिळालं, वडील कापडगिरणीत लागले. त्या गावात वारा सुटला की भातात वाळू यायची, असं ती सांगते. तिचं लग्न ठरलं एका शेजारच्याच मुलाशी, पण तो आपल्यातला नाही, मोरोक्कोहून आलेला यहुदी. नोंदणीला गेली तर तिथल्या कारकुनाने विचारलं, आई कोण, आजी कोण, आजीची आई कोण, तिचं लग्न कुणी लावलं, कागद काय आहे. कोकणातल्या खेड्यात शंभर वर्षांपूर्वी तेल्याच्या मुलीचं लग्न झालं त्याचा कागद! तिच्या वडिलांनी पेणच्या नातेवाइकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं की म्हाताऱ्यांना विचारलं, सगळ्यांना सगळं ठाऊक आहे, लिहिलेलं कुणाकडेच नाही. लग्न लांबलं. मुलाकडच्यांनी धीर धरला हे त्यांचं मोठेपण.

हे तिच्या एकटीचं नव्हतं. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, मंडळाने सूचना काढल्या की बेने इस्राएल माणसाचं इतर यहुद्याशी लग्न लावण्याआधी त्याच्या आईकडच्या पिढ्या जितक्या मागे जाता येईल तितक्या तपासाव्यात. कारण काय, तर इतकी शतकं एकटे राहिलेल्यांत घटस्फोट आणि पुनर्विवाह धर्माप्रमाणे झाले असतील याची खात्री कशी द्यायची. आपला धर्म टिकवला म्हणून ज्यांचं कौतुक व्हायला हवं, त्यांच्याकडे तो एकट्याने टिकवला म्हणून संशयाने पाहिलं गेलं. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून आमचे लोक बायकापोरांसह जेरुसलेमला आले आणि बाहेरून येणाऱ्या यहुद्यांना वसवण्याचं काम पाहणाऱ्या ज्यूइश एजन्सीच्या आवारात ठिय्या देऊन बसले. ऑगस्टमध्ये क्नेसेटची, म्हणजे इस्राएलच्या संसदेची, खास बैठक झाली आणि बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत, त्यांच्यात आणि इतरांत काही फरक नाही, असं सरकारने आणि संसदेने स्पष्ट केलं. त्यानंतर रब्बींच्या सूचनांमधून आमचं नाव निघालं. मावशीचं लग्न त्यानंतर लागलं.

रूथच्या वर्गातून बाहेर पडल्यावर मी तिला तिच्या लेकीच्या घरी सोडलं. दोनच गल्ल्या, पण तिला पंधरा मिनिटं लागली. तिने डबा माझ्या हातात दिला होता, रिकामा. सणासाठी तिने श्रीखंड केलं होतं. इथे चक्का मिळत नाही. लाबाने, म्हणजे इथलं घट्ट दही, आणायचं, फडक्यात बांधून आणखी एक रात्र टांगायचं, वेलची तिच्या भावाच्या सुनेने मुंबईहून पाठवलेली, चारोळी नाही म्हणून बदाम. आमच्या स्वयंपाकात मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून कोकणात सणासुदीला सगळं नारळाच्या दुधात. दुधादह्याला मानाचं पान मिळतं ते या एका सणाला. वर्गातल्या अमेरिकेहून आलेल्या मुलांनी डबा चाटूनपुसून संपवला आणि हे कुठलं चीज म्हणून विचारलं. मावशीने त्यांना नीट, पायरीपायरीने कृती सांगितली. मला ते दृश्य पाहताना बरं वाटत होतं आणि त्याच वेळी आत काहीतरी खटकतही होतं. श्रीखंड सगळ्यांनी घेतलं. तिचा प्रश्न माझ्याकडेच राहिला होता.

पहाटे साडेतीनच्या सुमाराला मी बाकीच्यांबरोबर कोतेलकडे, म्हणजे प्राचीन मंदिराच्या उरलेल्या पश्चिम भिंतीकडे, निघाले. हेब्रोन रस्त्याने उतरत, हिन्नोमच्या खोऱ्याच्या कडेने, मग सियोन दरवाजाकडे चढ. मागेपुढे माणसंच माणसं, पांढरे सदरे, कुजबुज, कुणी चालता चालता अजून वाद घालतंय. ही पायी जाण्याची प्रथा जुनी नाही. १९६७ च्या जूनमध्ये युद्ध संपलं आणि १४ जूनला, शावुओतच्या दिवशी, भिंत लोकांसाठी खुली झाली. त्या एका दिवसात दोन लाखांच्या आसपास माणसं चालत तिथे गेली. एकोणीस वर्षं जिथे जाता येत नव्हतं तिथे जाता आलं, म्हणून रडत गेली. त्याच्या तीन-चार दिवस आधी भिंतीसमोरची मुघ्राबी वस्ती पाडली होती. शेकडो वर्षांची ती वस्ती, तिथल्या कुटुंबांना काही तासांत घरं सोडावी लागली. आज जिथे हजारो माणसं पहाटे उभी असतात ते पटांगण त्या घरांच्या जागेवर आहे. मी तिथे उभी राहते, उगवतीची प्रार्थना करते, सीनायचा अध्याय वाचला जात असताना सगळ्यांबरोबर उठून उभी राहते, आणि मला रडू येतं. पायांखाली कुणाची घरं होती हेही मला आठवतं. यातली एक गोष्ट मनातून काढून टाकली तर दुसरी जास्त शुद्ध होईल असं मला वाटत नाही. रूथ वाचून आलेल्या माणसाने घर गेलेल्यांचा विचार केला नाही तर तो काय वाचून आला?

दोन दिवसांनी मी मावशीकडे गेले आणि सरळ विचारलं. मावशी, ठिय्याला तू होतीस ना? मग तलवार कुणी काढली हे तू मला विचारतेस?

ती तांदूळ निवडत होती. इथले तांदूळ निवडायला लागत नाहीत, तरी ती निवडते. म्हणाली, "तलवार कसली काढतेस. आम्ही वळकट्या काढल्या." मग हळूहळू सांगत गेली. आवारात सतरंज्या टाकलेल्या. दिवसा ऊन, रात्री जेरुसलेमची थंडी, उन्हाळा असूनही पोरांना स्वेटर घालावे लागायचे. कुणी डाळ-भात करायचं, कुणी पाव आणायचं. येणारे-जाणारे बघायचे, काही जण मोसंबी देऊन जायचे, काही जण तोंड फिरवून. घोषणा हिब्रूत आणि मराठीत. रात्री झोप नाही. मग पनवेलकडचा एक म्हातारा उठायचा आणि योसेफाचं आख्यान लावायचा. भावांनी विहिरीत टाकलेला योसेफ. पेटी नाही, टाळ नाही, नुसते हात. बायका धरायच्या पालुपद. "रात्र रात्र जायची," ती म्हणाली. "भावांनी ओळख नाही दिली, म्हणून त्याने काय भाऊ सोडले?" मी विचारलं, त्या रात्री वर्गात हे का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "ते तलवारीबद्दल बोलत होते. मी वळकटीचं काय सांगू?"

हे ऐकल्यापासून मला तालमूदचं ते पान वेगळं दिसायला लागलंय. दोएगचं म्हणणं तर्काला धरून होतं. आजही कुठल्याही कार्यालयात दोएग बसलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो दुष्ट नसतो, नियम वाचत असतो. तलवार उपसणाऱ्याची मला भीती वाटते, कारण तो उद्या दुसऱ्या बाजूने उभा राहू शकतो. पण त्या पानात तिसरं एक आहे, ज्याकडे त्या रात्री कुणाचं लक्ष गेलं नाही. तो म्हणतो, "मला हे मिळालंय." लिहिलेलं दाखवा असं त्याला कुणी म्हटलं नाही. एका म्हाताऱ्याकडून ऐकलेलं, तोंडातून तोंडात आलेलं, तेवढ्यावर दावीद आत आला. पेणच्या म्हाताऱ्यांना सगळं ठाऊक होतं आणि लिहिलेलं कुणाकडेच नव्हतं. तोराचा निम्मा भाग तोंडीच आहे असं आपणच मानतो, रात्र रात्र जागून तोच तर शिकतो. मग आमच्या आज्यांचं तोंडी तेवढं का कमी भरलं? हा प्रश्न मला त्या वर्गात विचारायचा आहे, रागाने नाही, पण पुरता.

मी त्या शिकवणाऱ्या मुलीला भेटले. तिला ठिय्याबद्दल माहीत नव्हतं. इथे जन्मलेली, इथे शिकलेली, रूथवर रात्रभर बोलू शकणारी मुलगी, आणि तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ते घडलं होतं. तिने मान खाली घातली नाही की सबबी सांगितल्या नाहीत. लगेच कॅलेंडर काढलं आणि पुढच्या शावुओतला एक तास आमचा ठेवला. रूथ आणि १९६४. हिब्रूत मी, मराठीत मावशी.

मावशी आधी नको म्हणाली. मग म्हणाली की नुसतं भाषण असेल तर नको, आख्यान असेल तर बघू. रूथचं आख्यान तिला येत नाही, तेव्हा बसवावं लागेल. चाली आजीच्या घेऊ. सणाला पेटी चालणार नाही ते बरंच, ती म्हणाली, आपल्याला तशीच सवय आहे. ठाण्याला माझ्या भावाला कळवलंय की आजीच्या ट्रंकेत कीर्तनांची जुनी चोपडी असतील ती सोडवून, फोटो काढून पाठव, आणि पानं फार कुरकुरीत झाली असतील तर उलटताना घाई करू नको. पहिल्या चार ओव्या मावशीने केल्याही आहेत. त्यात रूथ सासूला "अहो आई" म्हणते. मी म्हटलं, मूळ हिब्रूत असं अहो-जाहो काही नसतं. ती म्हणाली, "असू दे. पोयनाडची सून आहे ती." वेळेबद्दल मात्र तिची अट पक्की आहे. अकराला लोक केक खायला येतात, तिला दोनची वेळ हवी आहे.